माणसांदेखत न लंगडणारी मेंढी

जनावरांचे डॉक्टर भास्करराव मुळे पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांची माझी पहिली भेट पडेगावला, मामांच्या शेतात झाली. खतासाठी तिथं मेंढरं बसवली होती. एक मेंढी लंगडते अशी शंका आल्यामुळे मामांनी डॉक्टरांना बोलावलं होतं. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. प्राण्यांना जाणीव असते का, यावर वर्गात भरपूर बोलतो. मेंढी जवळून मात्र त्या दिवशीच पाहिली.

कळप दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी निघणार होता. ही मेंढी चालेल, की खाटकाला द्यायची, हे मेंढपाळ म्हादूकाकांना ठरवायचं होतं.

“चारी पायांवर उभी हाय, पाला खाती. दुखत असतं तर खाल्लं असतं का, साहेब?”

“तुमची दाढ कधी ठणकली असेल, तेव्हा तुम्ही भाकर सोडली होती का?”

“छ्या! लई काम व्हतं, खावंच लागलं.”

डॉक्टरांनी मेंढीला हात लावला नाही. आम्हा सगळ्यांना ट्रॅक्टरमागे नेऊन गप्प बसवलं. थोड्या वेळानं मेंढीनं उजवा पाय अलगद उचलून धरला.

“म्हंजी माझ्यापुढं सोंग करती व्हय?”

“सोंग नाही, भीती. लंगडी दिसली की लांडगा तिलाच धरणार.”

“मी काय लांडगा हाय का?”

“तिला काय माहीत?”

खुराच्या बेचक्यात गळू निघालं. डॉक्टरांनी ते साफ केलं, वेदनाशामक टोचलं आणि आम्हाला पुन्हा ट्रॅक्टरमागे बसवलं. बऱ्याच वेळानं मेंढीनं पाय टेकला. मग ती बसली आणि रवंथ करू लागली.

म्हादूकाकांनी भावाला हाक मारली, “उद्या तू कळप घेऊन हो पुढं. मी हिला घेऊन मागनं येतो.”

मी डॉक्टरांना विचारलं, “पण आपल्याला दुखतंय, हे तिला कळतं का?”

“ठाऊक नाही. पण पाय टेक, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.”

या उत्तरानं माझं पुरतं समाधान झालं नाही. ‘दुखत होतं’ लिहावं की ‘दुखत असावं’, इथं मी अजून अडतो. डॉक्टर माझ्या शंकांना कधी कंटाळले नाहीत. उलट स्वतःची एखादी नवी शंका हाती देतात. हल्ली ते खेकड्यांपाशी थांबले आहेत. मासळीच्या दुकानात दोरीनं बांधलेला खेकडा ते इतका वेळ निरखत राहिले, की दुकानदार म्हणाला, “चाचा, लेना है तो लो, नै तो बाजू होओ.” घरी येताच त्यांनी मला फोन केला, “अहो, याला भीती वाटत असेल, तर ती ओळखायची कशी?”

डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, डोळे आणि गुडघे साथ देवोत; आणि उत्तर सापडेल त्या दिवशी, माझा तास चालू असला तरी, त्यांनी खुशाल फोन करावा.