अण्णांची गिचमिड

सोनपेठचा आमचा फोटो स्टुडिओ अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेला. म्हातारपणी त्यांनी जुने फोटो कॉम्प्युटरवर चढवायचा उद्योग काढला. फोटोच्या फाईलमध्येच माहिती लिहायची एक जागा असते. फोटोत कोण आहे ते अण्णा तिथं भरायचे. टाइप मात्र करायचे लग्नपत्रिकेच्या जुन्या फॉन्टात. तो फॉन्ट पक्का सोंगाड्या, वरून मराठी आणि आत इंग्रजी अक्षरं. त्या जागेत नेलं की सोंग उतरायचं आणि उरायची नुसती गिचमिड.

मी आधीच तापट. "अण्णा, हा काय कचरा भरायलात?"

"कचरा न्हाई, आत मराठीच हाय. तुला दिसंना, त्याला मी काय करू?"

त्याच दुपारी मी होती नव्हती तेवढी गिचमिड पुसली आणि वर त्यांना ऐकवलंही. पुढचे फोटो त्यांनी मला न दाखवता पेनड्राइव्हवर घेतले आणि तो देव्हाऱ्यात विभूतीच्या डबीशेजारी ठेवला. आता अण्णा नाहीत. पेनड्राइव्ह तिथंच होता.

परवा ताडकळसची आत्या एसटीनं आली. मोतीबिंदू नुकताच काढलेला. "आता लय झ्याक दिसायलंय," म्हणाली. "पयली माझी मैत्रीण बघायची. पण तिचं सासर कुठलं ते आठवंना. आमच्या दोघींच्या फोटूत माझ्या भावानं लिवलं असंल बघ."

त्या फोटोतली गिचमिड मी पुसली असती तर काय तोंड दाखवणार होतो? तो निघाला पेनड्राइव्हवर. परकर-पोलक्यातल्या दोन पोरी, हसून वाकड्या झालेल्या. आणि खाली गिचमिड. मी भाषा बदलून पाहिली, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली; कधी चौकोन, कधी प्रश्नचिन्हं.

"एवढा स्टुडिओवाला, आन तुला माझ्या भावाचं अक्षर लागंना?"

तेव्हा अण्णांचं बोलणं आठवलं. ती अक्षरं उचलून पत्रिकेच्या प्रोग्रॅममध्ये टाकली, जुना फॉन्ट लावला, आणि मजकूर उभा राहिला. मी मोठ्यानं वाचला:

"डावीकडं बहीण, उजवीकडं तिची मैत्रीण. सासर देवगाव फाटा, किराणा दुकान. माझं डोकं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात अडकलं, म्हणून दोघी हसायल्यात. हे वाचता आलं म्हणजे पोराचा राग उतरला म्हणायचा."

मला हसू आलं, आणि लगेच रडूही.

"उतरला का रं राग?" आत्यानं विचारलं.

"कवाच."

"मंग त्याला सांगायचं की."

मी आत्याला बसवून गाडी काढली.

देवगाव फाट्याच्या दुकानातल्या म्हातारीनं आत्याला ओळखलंच नाही. आत्यानं पदर डोक्यावरून तोंडावर ओढला आणि डोकं अडकल्यासारखे हात झाडले. म्हातारी फोटोतल्यासारखीच वाकडी होऊन हसली आणि म्हणाली, "फोटोवाल्याची बहीण न्हाई का तू?"