मेलवर आलेली नोकरी

"कोण देणार गो तुला नोकरी? आं? घरबसल्या? मेलवर?"

हवालदार हसत होता. त्याच्या हातात माझा कागद होता. तो त्याने मोठ्याने वाचला, एकेक ओळ, मध्ये थांबत, भुवया उडवत. इंग्रजी अडखळत होतं तरी वाचला. बाकड्यावर बसलेले सगळे हसले. पाकीट मारताना पकडलेला एक जण तिथेच भिंतीशी उकिडवा बसवला होता, तोसुद्धा हसला. मी उभी. बाबा माझ्या मागे उभे. बाकड्यावर जागा होती, पण बसा असं कुणी म्हटलं नाही.

मग तो म्हणाला, "तुमा लोकांना सगळा फुकट पायजे. सरकारनं लाड केलेत ना तुमचे. आता भोगा."

तुमा लोकांना. मी जात सांगितली नव्हती. ती कागदावर होती.

बाबांनी मान खाली घातली. मला हवालदारापेक्षा त्या मानेचा जास्त राग आला. कारखान्यात मुकादमासमोर ती अशीच खाली जायची, मी पाहिलेलं होतं. माझ्यासाठी ती पुन्हा खाली गेली होती.

तक्रार लिहून घेतली नाही. "घरी जा," म्हणाला. "कुणाला सांगू नको. तुझाच लगीन जमायचा नाय."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुरबाडच्या नाक्यावर तेव्हा पहिला सायबर कॅफे निघाला होता. गाळा ज्याचा, कॅफे त्याच्या मुलाचा. बापाची भातशेती, वीटभट्टी, घरात ट्रॅक्टर. मुलाला सगळे भाऊ म्हणायचे, म्हातारी माणसंसुद्धा. मी बी.ए. झालेली, टायपिंगची परीक्षा पास. तासाचे पैसे मोजून तिथे बसायचे आणि नोकरीच्या वेबसाइटवर माहिती भरायचे. नाव, शिक्षण, प्रवर्ग. सगळं खरं भरायचे. खोटं भरायला आम्हाला कुठे परवडतं?

एक दिवस मेल आला. सरकारी खात्यात बॅकलॉग भरती. राखीव जागा. माझी निवड झालेली. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, माझं नाव, माझा प्रवर्ग. आणि सुरुवातीला 'रिस्पेक्टेड मॅडम'. मी ते दोन शब्द किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. भाऊने प्रिंट काढून दिली आणि पैसे घेतले.

लोक विचारतात, एवढी शिकलेली, तुला कळलं कसं नाही? सांगते.

बॅकलॉग हा शब्द आमच्या बौद्धवाड्यात लहान पोरालाही माहीत. वर्षानुवर्षं न भरलेल्या आमच्या जागा. त्या कधीतरी भरतील म्हणून घराघरांत माणसं वाट बघत म्हातारी झाली. आणि त्या मेलने मागितलं काय? जातीचा दाखला. त्याचं वैधता प्रमाणपत्र. शाळेचा दाखला. मग पडताळणीची फी. मग पुन्हा एक कागद राहिला म्हणून पुन्हा फी. दुसऱ्या कुणाला तिथेच वास आला असता. मला आला नाही. कारण खरी कचेरी आमच्याशी असंच बोलते. जात पडताळणीच्या वेळी त्यांनी माझ्या आजोबांच्या शाळेचा दाखला मागितला होता. आजोबांना शाळेच्या पायरीवर उभं केलं नव्हतं कुणी. न गेलेल्या शाळेचा दाखला आणा, नाहीतर अर्ज बाद. तो पुरावा जमवता जमवता बाबांच्या चपला झिजल्या. त्यामुळे अजून एक कागद, अजून एक फी, मुदत संपत आली, नाहीतर बाद – हे मला चोराचं वाटलं नाही. मला ते सरकारचंच वाटलं.

चोराने आमची सवय वापरली. ती सवय आम्हाला कुणी लावली हे हवालदाराने विचारलं नाही.

पैसे माझ्या घरात नव्हते. वाड्याने दिले. विहाराच्या स्लॅबसाठी जमवलेले. कुणी मागितले नव्हते, तात्यांनीच विषय काढला. तात्या म्हणजे आमच्या वाड्यातले सगळ्यांत जुने, विहारात वंदना तेच घ्यायचे. म्हणाले, "स्लॅब पुढल्या साली व्हईल. पोर सायेब झाली तर वाडा वर येल." बायकांनी मला साडी दिली, रुजू व्हायला.

ती साडी नेसून मी ठाणे शहरात गेले. पत्त्यावर तिसरा मजला लिहिला होता. त्या इमारतीला तिसरा मजलाच नव्हता. वॉचमनने कागद बघितला आणि नीट न वाचताच परत दिला. माझ्याआधीही कुणीतरी तोच कागद घेऊन आलं असणार.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात हवालदार हसला. ते वर सांगितलंच.

नाक्यावर बातमी भाऊने पसरवली. "आख्ख्या बौद्धवाड्याला एका मेलनं टोपी घातली." पानवाल्याकडे, सलूनमध्ये, रिक्षा स्टँडवर. मी रस्त्याने गेले की कुणीतरी "मॅडम" म्हणायचं. मला त्या शब्दाची शिसारी आली. मी घराबाहेर पडणं सोडलं. आई ताट वाढायची, मी तसंच ठेवायचे. रडू यायचं नाही, नुसतं अंग गरम व्हायचं.

आणि मग दुसरा मेल आला.

तो मी पाहिला त्याआधी भाऊने पाहिला. माझा पासवर्ड त्यानेच सुरुवातीला तयार करून दिला होता, बदलायचा असतो हे सांगितलं नव्हतं. तो प्रिंट घेऊन थेट तात्यांकडे गेला. मेलमध्ये लिहिलं होतं, गैरप्रकाराची दखल घेतली आहे, तुमची पूर्ण रक्कम परत मिळेल. फक्त आधी परताव्याची फी भरा. अठ्ठेचाळीस तासांत. गोपनीय.

"मी मुंबईला फोन लावून विचारला," भाऊ म्हणाला. "खरा हाय. भरून टाका."

त्याने फोन लावला नव्हता. 'वाड्याचे पैसे मी मिळवून दिले' असं त्याला उद्या नाक्यावर सांगायचं होतं, एवढंच. पण वाड्याला तो शब्द पुरला. कॉम्प्युटर त्याचा, म्हणजे अक्कल त्याची. सकाळी बँक उघडली की भरायचं ठरत होतं. उरलेसुरले, सगळे. ते गेले की विहारही गेलं आणि माणसांचा एकमेकांवरचा विश्वासही गेला, हे मला दिसत होतं.

मी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेले. मेलमधला नंबर फिरवला नाही. डिरेक्टरीतून त्या खात्याचा नंबर काढला. पलीकडच्या माणसाने ऐकून घेतलं. म्हणाला, अशी भरती नाही. जाहिरात पेपरात येते, परीक्षा होते, पत्र पोस्टाने जातं. मग विचारलं, "तुम्ही भरलेत का पैसे?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "फार फोन येतात, ताई. मुंबईतून येतात, पुण्यातून येतात. परवा एक रिटायर्ड प्रोफेसर होते."

मी रिसीव्हर ठेवला आणि तिथेच उभी राहिले. प्रोफेसर. म्हणजे फक्त 'तुमा लोकांना' नव्हतं हे. फसवणारा सगळ्यांनाच फसवत होता. हसणारे फक्त आम्हाला हसत होते.

संध्याकाळी विहारात माणसं जमली. मी बोलायला उठले तसे तात्या म्हणाले, "तू बस. एकदा बुडवून आलीस. आता मिलतंय तर आडवी नको येऊ."

बाबा माझ्या शेजारी होते. मी बसले नाही.

"मी परीक्षा दिली होती का? नाही. मुलाखत? नाही. परीक्षेशिवाय नोकरी कुणाला लागली आपल्यात, सांगा. सरकार पैसे मागतं तेव्हा चलन देतं, पोस्टल ऑर्डर मागतं. ह्यात खातं एका माणसाच्या नावावर आहे. मेलचा पत्ता बघा, असला पत्ता कुणालाही फुकट उघडता येतो, मीही उघडलाय. आणि गोपनीय का? सरकारी नोकरीत लपवण्यासारखं काय असतं? घाई का? आपलं काम करायला सरकारला कधी घाई झाली होती? आज मी स्वतः फोन केला. भरतीच नाही. ज्याने पहिले पैसे नेले तोच दुसऱ्यांदा आलाय. त्याला ठाऊक आहे की आपण लाजेने कुणाला विचारणार नाही."

मग तात्याच हळू म्हणाले, "मंग चुकी कोणाची?"

"चोराची," मी म्हटलं. "गेल्या साली म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत भाऊच्या बापाचा बैल चोरीला गेला. लगेच पोलिसांची जीप निघाली. नाक्यावर कुणी हसलं का त्याला? बैल नीट बांधता येत नाही म्हणाला कुणी? त्यांच्याकडे चोरी झाली की चोराला शिव्या. आपल्याकडे झाली की आपल्याला. मी नाही ऐकून घेणार आता."

माझा आवाज चिरकला होता. पण मागून माझी आत्या उठली. भातलावणीच्या मजुरीवर जाणारी, सही करता न येणारी. म्हणाली, "पैसं भरायचं नाय. उद्या ठाण्यात जायाचं. समद्यांनी."

गेलो. बायका जास्त होत्या. हवालदार तोच. यावेळी हसला नाही, एवढी माणसं बघून खुर्चीतून उठला. साहेबांना विचारून आला आणि माझा जबाब लिहायला बसला. मी सांगत होते, तो लिहीत होता. संपलं तसा कागद माझ्याकडे सरकवला. "कर सही."

मी वाचायला लागले. "वाचतेस काय? सांगितलास तसाच लिवलाय."

तसंच लिहिलेलं नव्हतं. मध्ये एक वाक्य होतं. 'मी लोभापायी सदर रक्कम भरली.' मी. माझ्या तोंडी. माझ्या सहीने पक्कं होणार होतं ते.

"हा शब्द मी बोलले नाही. खोडा."

"असाच लिवतात. सगल्या केशीत लिवतात."

"खोडल्याशिवाय सही नाही."

"मंग तक्रार पण नाय."

"आम्ही बसतो."

यावेळी बाबा बाकड्यावर बसले. कुणी सांगायची वाट न बघता. मग आत्या बसली. जागा संपली तशा बाकीच्या बायका फरशीवर बसल्या. दुपार झाली. साहेब आतून दोनदा डोकावले. शेवटी हवालदाराने पेन काढलं, शब्दावर रेघ मारली, बाजूला 'नोकरी मिळेल या विश्वासाने' असं लिहिलं. मी सही केली.

चोर सापडला नाही. पैसे आले नाहीत. विहारावर पुढे कितीतरी वर्षं पत्रेच होते, पावसात गळायचे. त्याचं मला आजही वाईट वाटतं, ते कुठल्याही शब्दाने भरून निघत नाही.

आता पंचक्रोशीतली पोरं मला मेल दाखवायला आणतात, मेसेज आणतात, लॉटरी लागली म्हणून आणतात. मी एकेक ओळ तपासायला लावते, खऱ्या कचेरीला फोन करायला लावते. आणि कुणी लुटला गेला असेल तर त्याच्याबरोबर ठाण्यात जाते. जबाब आधी मी वाचते. पोटापाण्याची नोकरी मागणाऱ्याला कुणी लोभी लिहिलं, तर त्या कागदावर सही होणार नाही. मी होऊ देणार नाही.