काळ्या कागदाच्या बाई

बाईंचा कशावरही विश्वास नसे. रिक्षाच्या मीटरवर नाही, डॉक्टरच्या रिपोर्टवर नाही, आणि विद्यार्थ्यांवर तर मुळीच नाही. त्यांच्या पर्समध्ये काळ्या कागदाची घडी कायम असायची. नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. मॅडम म्हटलेलं त्यांना खपत नसे, बाईच म्हणावं लागे. पाठीमागे मात्र सगळे त्यांना ‘काळा कागद’ म्हणत. ते नाव मीच पाडलं होतं आणि मला अजून त्याचं काही वाटत नाही.

कुणी हौसेनं येऊन सांगितलं की आपलं शेवाळ छान वाढलंय, की बाई त्यातलं पाणी दोन बाटल्यांत भरायच्या. एक बाटली उघडीच खिडकीत, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून तिच्या शेजारी. शेवाळ उजेडात हवेतला कर्बवायू ओढून घेतं आणि त्यातूनच आपलं अंग बनवतं. उजेड काढून घेतला की त्याची वाढ थांबायलाच हवी. अंधारातही ते वाढत असेल, तर कुणीतरी त्याला आयतं खायला घालतंय. "आधी अंधारात ठेव, मग कौतुक कर," असं त्या म्हणत. माणसांनाही त्या हाच नियम लावत असाव्यात, कारण माझं कौतुक त्यांनी कधी केलं नाही.

प्रेमानं बोलताना मी त्यांना एकदाच पाहिलं, तेही शेवाळाशी. घोटीकडच्या एका भातखाचरात आम्ही नमुने घ्यायला गेलो होतो. साडीचा ओचा खोचून बाई सरळ चिखलात उतरल्या आणि पाण्यावरची हिरवी साय ओंजळीत घेऊन बघत राहिल्या. खाचराचा मालक बांधावरून म्हणाला, "लय निसरडं व्हतं बाई त्याच्यानं. काढून टाकू का?" बाई म्हणाल्या, "राहू द्या. बिनपगारी गडी आहे तुमचा. हवेतला कर्ब मातीत आणून टाकतो." त्याच ओंजळीतून मी माझं शेवाळ वेगळं केलं आणि पुढे त्याच्यावरच पदवी मिळवली. मला मात्र त्या दिवशी चप्पल हातात घेऊन चालले म्हणून बोलणी बसली.

शेवाळ जिवंत ठेवणं म्हणजे विरजण सांभाळण्यासारखं असतं. महिन्या-महिन्याला थोडं काढून ताज्या पाण्यात घालायचं, नाहीतर जुन्यातच ते मरतं. ज्याचं मेलं त्याच्याशी बाई सहामाही संपेपर्यंत बोलत नसत. मला ती शिक्षा कधीच झाली नाही. एका परीनं वाईटच झालं, तेवढाच काळ शांततेत गेला असता.

पुढे शहराबाहेरच्या एका वायनरीत मला काम मिळालं. द्राक्षाचा रस आंबताना टाक्यांमधून कर्बवायू निघतो, तो नळीनं शेवाळाच्या तळ्यात सोडायचा आणि शेवाळाकडून पकडून घ्यायचा, असा प्रयोग होता. शेवाळ अर्थातच माझं, घोटीचं. प्रयोग जमला तर नोकरी कायम होणार होती. मला ती हवीच होती. आई गेल्यापासून वडील इंदिरानगरच्या घरात एकटेच होते आणि त्यांना सोडून मला नाशिकबाहेर जायचं नव्हतं.

द्राक्षांच्या हंगामात तळं असं हिरवं झालं की मालकानं मुंबईहून पाहुणे बोलावले. तपासणीला म्हणून बाईंना आधीच बोलावलेलं होतं. त्या येऊन पाणी घेऊन गेल्या आणि आठवडाभर काही बोलल्या नाहीत. पाहुण्यांच्या दिवशी सगळे तळ्याकाठी उभे असताना त्यांनी पर्समधून बाटली काढली आणि वरचा काळा कागद सोडला. आतलं पाणी गर्द हिरवं होतं. मालकाकडे बघत त्या म्हणाल्या, "हे शेवाळ हवा खात नाहीये. तुमची द्राक्षं खातंय."

झालं होतं ते इतकंच. तळ्याचं पाणी कमी पडतंय अशी मी सुपरवायझरकडे तक्रार केली होती, म्हणून त्यानं क्रेट आणि टाक्या धुतल्याचं, द्राक्षरसानं गोड झालेलं पाणी पाइप वळवून तळ्यात सोडलं होतं. "पाणी ते पाणी, मॅडम. वाया कशाला घालवायचं?" असं तो नंतर अगदी साळसूदपणे म्हणाला. पण बाईंना काही दिवस आधीच कळलं होतं. एक फोन केला असता तर मी पाइप काढला असता आणि पाहुण्यांना थांबवलं असतं. त्यांनी चारचौघांत माझा पंचनामा केला. महिनाअखेर तळं उपसलं, मी पुण्याला नोकरी धरली. वडील गेले तेव्हा मी पुण्यातच होते. याबद्दल मी बाईंना क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही.

काही वर्षांनी त्यांचा फोन आला, येऊन जा म्हणून. आजारानं त्या पार वाळल्या होत्या, जीभ मात्र शाबूत होती. खिडकीत दोन बाटल्या होत्या. मला त्यांनी काळा कागद सोडायला लावला. आतलं पाणी फिकट पडलं होतं, तळाशी मेलेला गाळ. शेजारची उघडी बाटली हिरवीगार.

"तुझंच आहे, घोटीचं," त्या म्हणाल्या. "त्यात साखरेचा कण नाही. नुसत्या हवेवर वाढतंय. खरं आहे तुझं शेवाळ."

हे कधी कळलं, असं मी विचारलं.

"तू गेलीस त्याच वर्षीच्या पावसाळ्यात."

"मग मला सांगितलं का नाही, बाई?"

"तू विचारलंस कुठे?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहा न घेताच मी उठले. दारात त्यांनी हिरवी बाटली माझ्या हातात कोंबली आणि मरू देऊ नकोस म्हणाल्या. त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी नाशिकला गेले नाही.

बाटली पुण्याच्या घरात खिडकीत आहे. दर महिन्याला ठरवते की या वेळी बेसिनमध्ये ओतून टाकायची. मग मुकाट्यानं ताजं पाणी करते, थोडं शेवाळ दुसऱ्या बाटलीत घालते, तिला काळा कागद गुंडाळते, आणि काही दिवसांनी उघडून बघते. अंधारातलं दर वेळी मेलेलं असतं, उजेडातलं हिरवं.

वडील होते तोवर सांगायचं होतं, बाई.