न वाजवलेला खांब

वानखेडेकाकांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. चहा उभ्याने, पेपर चालता चालता. कोणी खुर्ची पुढे केली की आधी तिचे पाय हलवून बघायचे. "बसाले काय? मेल्यावर आडवंच पडाचं आहे," म्हणायचे. भिलाईच्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी नमुने बनवण्यात त्यांची उमर गेली. आमचं क्वार्टर त्यांच्या शेजारी, आणि त्यांच्या अंगणाला लागून क्रिकेटचं मैदान.

त्या हिवाळ्यात एक चेंडू अंगणात उन्हाला बसलेल्या काकूंच्या कानाजवळून गेला. काकू नुकत्याच दवाखान्यातून घरी आलेल्या. अंगणालगत उंच जाळी लावायचं ठरलं. अक्षर बरं म्हणून मी क्लबचा सचिव. क्रिकेटमधलं माझं कर्तृत्व एवढंच. लोखंडी पाइपांसाठी मी सुरेख अर्ज लिहिला. तो बहुधा तेव्हाची आमची राजधानी, भोपाळ, बघायला गेला असावा. शेवटी पोलादाच्या गावात आम्ही लाकडी खांब शोधत खुर्सीपारच्या टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीवर, गेलो.

दुपारभर मी खांबाच्या एका टोकाला दगड ठोकायचा आणि काकांनी दुसऱ्या टोकाला कान लावायचा. "हा बोलत नाही. ठेव वापस." मला सरळ दिसेल तो त्यांना नको. "अबे, जावई पाहून राहिला काय? बुडाले डांबर लावू, पण आतून सडला असन तं डांबर काय करन?"

शेवटचा एक खांब निवडायचा उरला. काका सुतळी आणायला गेले, टेम्पोवाला हॉर्न दाबून बसला, आणि मी एक देखणा, सरळसोट खांब चढवून दिला.

"वाजवला काय?" काकांनी येऊन विचारलं.

"हो ना काका."

जाळी उभी राहिली. माझा खांब नेमका काकूंच्या खुर्चीमागे आला. पान हललं तरी मी खिडकीशी जायचो. दुसऱ्याच दिवशी बघतो, तर काकू पार जास्वंदीपाशी, आणि त्यांच्या जुन्या जागी, माझ्या खांबाला पाठ करून, काका. बसलेले!

"बरं नाही काय, काका?"

"मस्त आहे. बसून राहिलो."

तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेच. काकू म्हणाल्या, "यायले काय झालं, पाहा ना भाऊ! जन्मात बसले नाही, आता उठत नाही!"

पाचव्या दिवशी वारा सुटला. जाळी फुगली, खांब कुरकुरला, काका हलेनात. मी घरातल्या घरात तीन चकरा मारल्या आणि अनवाणीच धावलो.

"काका, उठा! तो खांब मी वाजवला नव्हता."

"माहीत आहे." ते ताडकन उठले. "म्या पहिल्याच दिवशी वाजवला. तू सांगशीन तवा काढू म्हटलं. कावून एवढे दिवस लावले बे? कंबर गेली ना बसून!"

खांब उपटला. आत नुसती वाळवी.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही कोणी "नीट पाहिलंस ना?" विचारलं, की माझ्या तोंडात आधी "हो"च येतं. मग मागे कुठेतरी खुर्ची करकरते, आणि मी उठून पुन्हा बघायला जातो.