ऑपरेशननंतरचा पहिला आवाज

नौपाड्यातील दवाखान्यात काल कानाची तपासणी झाली. स्पिरिटच्या वासात बसलो असताना मुलगा म्हणाला, “बाबा, तुमचं ते जुनं ऑपरेशन फुकटच गेलं.” हे साफ खोटे आहे. तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता.

मधल्या कानातील ताठरलेले हाड काढून डॉक्टरांनी तेथे बारीक कृत्रिम दांडी बसवली होती. आठवड्याने, अशाच वासात, कानातला बोळा निघाला. समोर उभी असलेली पत्नी सवयीने ओरडली, “अहो, ऐकू येतंय का?” शेजारचा रुग्ण दचकला.

“अगं, हळू! स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असेल.”

ती हसली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “सुटला बाई माझा घसा!”

लग्नानंतरची सहा वर्षे मी तिला तापट समजत होतो. तो मऊ, किंचित घोगरा आवाज मी त्या सकाळी प्रथमच ऐकला. तेव्हा केवळ माझ्या कानाचा आनंद झाला. तिच्या घशाचा विचार आज येतो.

कान अलीकडे पुन्हा मंदावला, हे कबूल. परंतु तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत तिला माझ्याशी आवाज चढवावा लागला नाही. ती गेल्यापासून घरात माझ्याशी फारसे कोणी बोलत नाही; त्याचा दोष ऑपरेशनला देऊ नये.