काळं काही आणू नये

सव्वीस जानेवारीच्या ध्वजवंदनाला मंत्र्यांच्या हस्ते मायचा सत्कार होणार, असं पत्र आलं. ते वाचून झाल्यावर दादांनी एकच प्रश्न विचारला, "किती वाजता?" पत्रात लिहिलं होतं, सकाळी साडेसातपर्यंत आसनस्थ व्हावे. "मंग आपुन नाय," म्हणाले आणि मोसंबीच्या बागेत निघून गेले.

दादा म्हणजे माझे वडील. थंडीला एवढा भिणारा शेतकरी अख्ख्या पाचोडात दुसरा सापडायचा नाही. कानात वारं शिरलं की त्यांचं डोकं धरतं, मग दोन दिवस घरात कोणी मोठ्यानं शिंकायचं नाही. म्हणून दिवाळीला कानटोपी चढायची ती महाशिवरात्रीला उतरायची. टोपी मायनंच विणलेली, मळ दिसू नये म्हणून काळ्या लोकरीची. बाजारात दादा हरवले की आम्ही त्यांना शोधत नव्हतो, ती टोपी शोधायचो.

आणि माय अंगणवाडीत. तीस वर्षं तिनं गावाची पोरं वजनकाट्याला टांगली, त्यांची नाकं पुसली आणि रात्री रजिस्टरं भरली. दादा त्याला खिचडीचं हाफिस म्हणायचे. तिच्या एकाही कार्यक्रमाला ते कधी गेले नाहीत. कधी बागेला पाणी द्यायचं असायचं, कधी पाहुणे यायचे असायचे, आणि काहीच नसलं की कान असायचाच.

तेव्हा मायनं मला शहरात फोन केला. "मला शाल नको, नारळ नको. ह्या माणसानं एकदा खुर्चीवर बसून बघावं, एवढंच. जमव काहीतरी."

मी जमवलं. दादांना सांगितलं, तुमच्या नावाचा वेगळा पास आलाय, नाही आलात तर वाया जाईल. फुकटची वस्तू वाया जाऊ देणं आमच्या घराण्यात बसत नाही. पंचवीस तारखेला दुपारी दोघं एसटीनं आले. पिशवीत दोन कपडे आणि बाकी सगळी मोसंबी.

गारखेड्यातल्या माझ्या दोन खोल्यांत मग लगीनघाई सुरू झाली. मायनं संक्रांतीची नवीकोरी काळी चंद्रकळा बाहेर काढली. संक्रांतीलाही न नेसता तिनं ती याच दिवसासाठी घडी न मोडता ठेवलेली. मी पास उलटा करून मागच्या सूचना वाचल्या. पिशवी आणू नये, पाण्याची बाटली आणू नये, छत्री आणू नये. जानेवारीत छत्री कोण आणतो, ते सरकारलाच ठाऊक. आणि शेवटी, काळे कपडे किंवा काळ्या वस्तू आणू नयेत.

"कामून?" मायनं विचारलं.

"मंत्र्याला कोणी काळं फडकावून दाखवू नये म्हणून."

"मी माझं लुगडं सोडून फडकावते व्हय त्याच्यापुढं?"

"ते तू ठरवू नको, पोलीस ठरवतील."

चंद्रकळा पिशवीत परत गेली. मायचं तोंड एवढंसं झालं. माझी जांभळी साडी निघाली, पण तिच्या अंगाला बसेल असा ब्लाउज निघेना, शेवटी माझ्याच एका ब्लाउजच्या शिवणी उसवल्या. मग आम्ही इरेलाच पेटलो. काळ्या चपला बाद. काळ्या पिना बाद. काळा परकर आतून आहे, कोण बघतंय, असं माय म्हणाली, तरी तोही बाद. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांवर येऊन मात्र दोघींची गाडी अडली. दादा पलंगावर पांघरूण घेऊन हा तमाशा बघत होते.

"मी तर सगळाच काळा हाय," ते म्हणाले. "मला रंग देऊन नेता का?"

संध्याकाळी तालीम झाली. प्रशस्तिपत्र म्हणून स्टीलचं ताट आणि मंत्री म्हणून दादा. उजव्या हातानं घ्यायचं की दोन्ही, नमस्कार आधी की नंतर, यावर माय दहा वेळा अडखळली. दादांनी तेवढ्यात भाषणही उरकून घेतलं. "बंधू-भगिनींनो, मी उशिरा आलोय, लवकर जाणार हाय. मधी तुम्ही टाळ्या वाजवा." माय हसता हसता खाली बसली. मग एकदम म्हणाली, "थट्टा पुरं. उद्या नीट बसाल का?"

"बसतो ना बाई. पास हाय माझा."

सकाळी बोचरी थंडी होती. सत्काराच्या मंडळींचं दार वेगळं होतं. आत जाताना मायनं दादांना बजावलं, "पुढं बसा. मला दिसलं पाहिजे."

आम्ही पाहुण्यांच्या दाराशी गेलो. तिथं एका टेबलावर काळ्या मफलरींचा आणि मोज्यांचा ढीग पडला होता. पोलीस बाई नम्रपणे म्हणाल्या, "बाबा, टोपी काढून ठेवा."

परकरापर्यंत झडती घेणाऱ्या आम्ही दोघी शहाण्या! ती टोपी आम्हाला टोपी म्हणून दिसतच नव्हती. आमच्या लेखी ते दादांचं डोकंच होतं.

"टोपी नाय निघत," दादा म्हणाले. "कानाचं दुखणं हाय."

"मग आत सोडता येणार नाही, बाबा."

दादा मागे वळले. "जा तू. मी हितंच उभा राहतो. भोंग्यावर ऐकू येतंय समदं."

माझं डोकं फिरलं. चारचौघांत मी बापावर ओरडले, "ऐकायला नव्हतं बोलावलं तिनं. तीस वर्षांत एकदा बघा म्हणाली!"

दादांनी टोपी काढली, तिची नीट घडी घातली आणि टेबलावरच्या ढिगात न टाकता पोलीस बाईंच्या हातात दिली. "जपून ठेवा बाई, घरच्या माणसानं विणलीय."

चौथ्या रांगेत बसलो. कपाळाखाली उन्हानं रापलेला माणूस आणि वर तान्ह्या पोरासारखं गोरं टक्कल. दोन्ही कानांवर तळहात दाबून ते कुडकुडत होते. झेंडा चढला तेव्हा हात खाली घेऊन ताठ उभे राहिले. मंत्र्यांचं भाषण दादांच्या भाषणापेक्षा बरंच लांबलं.

मग मायचं नाव पुकारलं. ती जांभळ्या साडीत पायऱ्या चढली. शाल घेतली, नारळ घेतला, कागद घेतला, सगळं तालमीसारखं. फोटोवाला म्हणाला, इकडं बघा. माय तिकडं बघेना. ती रांगांमधून नजर फिरवत होती. एकदा, मग पुन्हा एकदा. आणि तिचा चेहरा उतरला. मला लख्ख कळलं, ती टोपी शोधतेय.

आला नाही, असं तिला वाटलं होतं.

मी हात वर करणार, तेवढ्यात दादा खुर्चीवरून उठले आणि बागेतून हाक मारावी तसे ओरडले, "अगं ए, हिकडं! आलोय मी! टोपी भाईर ठिवलीय!"

अख्खा मांडव वळला. एक पोलीस धावत आला. मंत्री दचकले. आणि स्टेजवर माय तोंड उघडं टाकून खळखळून हसली. फोटो नेमका तेव्हाच निघाला. पाचोडच्या भिंतीवर आज तो आहे, मंत्री भलतीकडे बघतायत आणि मायची अक्कलदाढ दिसतेय.

स्टेजवरून उतरल्यावर तिनं तिच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ आमच्या रांगेत आली, नारळ माझ्या मांडीवर ठेवला आणि सत्काराची शाल दादांच्या डोक्याला, कानांवरून, गच्च गुंडाळली. दादा मुकाट्यानं मान पुढे करून बसले होते. मला रडू आवरेना.

"लई गारठलाव ना?" तिनं विचारलं.

"नाय," दादा म्हणाले. "बस हितं. दिसतंय हितनं चांगलं."