ज्योतीचे पाय

पोस्टिंग लडाखमध्ये होती, उंचावरच्या एका लहान पोस्टवर. मी हवालदार, रेडिओ ऑपरेटर. तेव्हा मी सडपातळ होतो. आता खारघरच्या आमच्या सोसायटीत मी लिफ्टमध्ये शिरलो की बाकीचे वजनमर्यादेचा आकडा वाचतात, ते सोडा.

पोस्टवर पाणी म्हणजे बर्फ, आणि त्याचं पाणी करणारा पंपाचा एक रॉकेल स्टोव्ह. तो नाईक मोरेश्वर ठाकूरच्या ताब्यात. मोरू उरणकडच्या खाडीकाठचा आगरी. बर्नरवरची टोपी जळून पडली होती, नवी खालून यायची होती. तोवर तसंच चालवायचं. मोरू ज्योतीकडे टीव्ही लागल्यासारखा बघत बसायचा. मीही शेजारी बसायचो. दुसरी करमणूक नव्हती.

पंप कमी मारला की ज्योत पिवळी, आळशी, बर्नरवर बसलेली. जास्त मारला की निळी. आणखी मारला की ती बर्नर सोडून बोटभर वर तरंगायची, मधे नुसती मोकळी जागा. त्यावर अजून एक दट्ट्या, की गेली.

"उस्ताद, हिचं पाय सुटतात," मोरू म्हणायचा.

कारण आम्ही बरेच दिवस चघळलं. रॉकेलची वाफ वर धावते, ज्योत तिला खात खाली येते. दोघींचा वेग जुळला की ज्योत उभी राहते. बर्नरच्या कडेला वाफ जरा मंदावते, तिथं तिचे पाय टेकतात. वाफेनं फार धाव घेतली की सुटतात. हे घरी समजावताना मी शेगडीची हवेची पट्टी फिरवून दाखवली. तेव्हापासून बायकोनं मला किचन आउट ऑफ बाउंड्स केलंय.

फेब्रुवारीत एका दुपारी वादळ आलं. गस्तीवरून सिपाही शेळके परतला तो हात पुढे धरूनच. ग्लोव्हज काढले. बोटं मेणासारखी पांढरी. मी रेडिओवर खालच्या तळावरच्या डॉक्टरसाहेबांना गाठलं.

"हात कोमट पाण्यात ठेवा. पाणी थंड होऊ देऊ नका. ओव्हर."

"चोळू का? ओव्हर."

"अजिबात नाही. उशीर केलात तर बोटं जातील. आउट."

बंकरचा हवेसाठीचा झरोका बंद करता येत नव्हता. कोंडलेल्या बंकरमध्ये स्टोव्हनं आम्हीच गुदमरलो असतो. त्याच झरोक्यातून वारा यायचा आणि ज्योत उडायची. मी अक्कल चालवली, जोरात पंप मारला. फौजेत बहुतेक अडचणींवर आम्ही जोरच लावतो. ज्योत विझली आणि पांढरी वाफ सुसाट सुटली. मी काडी ओढणार, तेवढ्यात मोरूनं मनगट धरलं.

"काडी नको. आख्खा बंकर पेटंल. आदी वाफ जाऊ दे."

त्यानं स्टोव्हची हवा सोडली, दार उघडलं. वास गेल्यावर रेशनच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला आणि वाकवून बर्नरच्या तोंडावर आडवा बसवला.

"खाडीत खांब रोवला का पानी त्याच्या मागं भोवरा करतं. बगू, ही पन करते का."

"आणि नाही केलं तर?"

"तर उस्ताद, तुमी पानी पिऊन गरम करा."

काडी लावली. ज्योत पत्र्याच्या आडोशाला शिरली आणि तिथंच राहिली. वारा आला, ती वाकली, सुटली नाही. जळलेला गरम वायू पत्र्यामागे गोल फिरून नव्या वाफेला पेटवत होता. टोपी कशासाठी असते ते तेव्हा कळलं. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

"उस्ताद," मागून शेळके म्हणाला, "पाणी."

बोटांत रक्त परतलं तसा तो कळवळून ओरडला. इतका गोड आवाज मी त्या पोस्टवर ऐकला नाही. सगळी बोटं वाचली.

मार्चमध्ये मोरू तुटलेली टेलिफोन लाइन जोडायला गेला. वरून बर्फाचा कडा कोसळला. तो आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडला.

शेळके आता उरणला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. दर वर्षी त्या दिवशी आम्ही मोरूच्या गावी जातो. शाळेसमोर त्याचा अर्धपुतळा आहे. हार मी नेतो, पण बांधताना माझ्या जाड हातांतून दोरा निसटतो. मोरूची आई मला बाजूला सारते.

"तू सर रं. शेलक्या, तू बांद. घट बांद."

शेळके गाठ मारतो. गाठ पुरी होईपर्यंत म्हातारी त्याच्या बोटांकडे बघत उभी राहते.